निवडणूक पद्धतींचे परीक्षण: पाटी सोडा, आतले भाग तपासा

निवडणूक पद्धतींची तुलना करायला बसलेला माणूस बहुतेकदा पाटी वाचूनच निकाल देऊन टाकतो. सर्वाधिक मतांची पद्धत म्हणजे स्थिर सरकार. प्रमाणशीर म्हणजे न्याय होतो, पण सरकार लटपटते. मिश्र म्हणजे दोन्हीकडचे चांगले तेवढे. यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही. नेपाळ आणि न्यूझीलंड, दोन्हीकडची पद्धत ‘मिश्र’ म्हणवते, पण निकाल लावायची त्यांची रीत पूर्ण वेगळी आहे. तुर्कस्तानची पद्धत कागदोपत्री प्रमाणशीर. 2002 साली तिने एका पक्षाला 34 टक्के मतांवर 550 पैकी 363 जागा देऊन टाकल्या.

म्हणून या परीक्षणात पाटीला गुण नाहीत. एका मतदारसंघातून किती जण निवडून जातात, उंबरठा, म्हणजे जागा मिळण्यासाठी लागणारी किमान मते, किती टक्क्यांचा आहे, मतांच्या जागा कोणत्या सूत्राने होतात, आणि दोन प्रकारच्या जागा असतील तर त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत की सुट्या, हे चार भाग उघडून पाहिले आहेत. निकाल तिथे ठरतो.

तीच मते, वेगळे निकाल

आधी हिशेब. समजा, 1,00,000 वैध मते, 8 जागा आणि चार पक्ष आहेत. ‘अ’ला 47,000, ‘ब’ला 29,000, ‘क’ला 16,000 आणि ‘ड’ला 8,000 मते पडली.

आठ एकसदस्यीय मतदारसंघ केले आणि मते सगळीकडे सारखीच पसरलेली असली, तर आठही जागा ‘अ’ला. बाकी 53,000 मतदारांचा सभागृहात एकही माणूस नाही.

आता आठ जागांचा एकच मतदारसंघ करा आणि डी’होंट सूत्र लावा. प्रत्येक पक्षाच्या मतांना 1, 2, 3, 4 असे भागत जायचे, आलेले सगळे भागाकार उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरचे आठ उचलायचे. क्रम असा लागतो: 47,000 (अ), 29,000 (ब), 23,500 (अ), 16,000 (क), 15,667 (अ), 14,500 (ब), 11,750 (अ), 9,667 (ब). म्हणजे ‘अ’ 4, ‘ब’ 3, ‘क’ 1 आणि ‘ड’ शून्य.

सेंट-लाग्यू सूत्रात फरक एवढाच, की भाजक 1, 3, 5, 7 असे विषम घ्यायचे. क्रम बदलतो: 47,000 (अ), 29,000 (ब), 16,000 (क), 15,667 (अ), 9,667 (ब), 9,400 (अ), 8,000 (ड), 6,714 (अ). ‘अ’ 4, ‘ब’ 2, ‘क’ 1, ‘ड’ 1. ‘ब’ची एक जागा ‘ड’कडे गेली. मत एकाचेही बदललेले नाही. डी’होंट मोठ्यांच्या बाजूने झुकते, सेंट-लाग्यू तसे झुकत नाही. कायद्याच्या मसुद्यात हा भाग परिशिष्टात टाकलेला असतो आणि तो कोणी वाचत नाही. छोट्या पक्षांनी तरी वाचावा.

किती बिघाड झाला हे मोजायलाही साधन आहे. आयरिश अभ्यासक मायकेल गॅलाघर यांचा निर्देशांक काढायचा असेल तर प्रत्येक पक्षाची जागांची टक्केवारी उणे मतांची टक्केवारी घ्या, तिचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज करा, ती निम्मी करा आणि वर्गमूळ काढा. वरच्या उदाहरणात एकसदस्यीय मतदारसंघांचा आकडा 44.6 येतो, डी’होंटचा 8.9 आणि सेंट-लाग्यूचा 5.4. शून्य म्हणजे मतांच्या प्रमाणात तंतोतंत जागा.

सर्वाधिक मतांची पद्धत: वापरायला सोपी, हिशेबाला बेभरवशाची

वापराच्या सोयीत हिला तोड नाही. मतपत्रिकेवर एकच खूण. मोजणी जागच्या जागी होते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी लागतो. फेरमोजणी एका मतदारसंघापुरती करावी लागते. जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक घेऊन काम संपते. आपला आमदार किंवा खासदार कोण, हे मतदाराला ठाऊक असते आणि पुढच्या वेळी त्याला पाडताही येते. ही शेवटची सोय किरकोळ समजू नये. याद्यांच्या पद्धतीत, म्हणजे मत पक्षाच्या यादीला आणि जागा यादीतल्या क्रमाने, नको असलेला नेता यादीत पहिल्या क्रमांकावर असला, तर मतदाराच्या हातात फारसे काही उरत नाही.

गडबड आहे ती मते आणि जागा यांच्या नात्यात. ब्रिटनमध्ये 2024 साली मजूर पक्षाला सुमारे 34 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूकेला 14.3 टक्के मते आणि 5 जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना 12.2 टक्के मते आणि 72 जागा. मते कमी, जागा चौदापट. कारण एकच: मते कुठे पडली. इथे पसरलेली मते मरतात आणि एकवटलेली मते जिंकतात. कॅनडात 1993 साली सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला देशभरात 16 टक्के मते पडली आणि 295 पैकी दोन जागा मिळाल्या. फक्त क्वेबेकमध्ये लढणाऱ्या ब्लॉक क्वेबेक्वाला साडेतेरा टक्क्यांवर 54 जागा मिळाल्या आणि देश फोडायला निघालेला पक्ष अधिकृत विरोधी पक्ष झाला. ‘ही पद्धत देश जोडून ठेवते’ असे सांगणाऱ्यांनी हा निकाल समोर ठेवून बोलावे.

श्रीलंकेचा अनुभव याहून बोलका आहे. 1970 साली युनायटेड नॅशनल पार्टीला 37.9 टक्के मते आणि 17 जागा मिळाल्या. श्रीलंका फ्रीडम पार्टीला त्याहून एक टक्का कमी मते आणि 91 जागा. मित्रपक्षांशी जागांची वाटणी नीट केली होती, त्याचा हा परिणाम. 1977 मध्ये पारडे फिरले आणि युनायटेड नॅशनल पार्टीने जेमतेम 51 टक्क्यांवर 168 पैकी 140 जागा घेतल्या. सहापैकी पाच भाग बहुमत हातात आल्यावर त्या सरकारने राज्यघटनाच नवी आणली, आणि गंमत म्हणजे तिच्यात प्रमाणशीर पद्धत घातली.

कमी मते मिळालेला पक्ष सत्तेवर बसणे हा इथला अपवाद नाही. न्यूझीलंडमध्ये 1978 आणि 1981, दोन्ही वेळा मजूर पक्षाची मते जास्त आणि नॅशनल पक्षाच्या जागा जास्त. पुढे मतदारांनी ही पद्धत बदलली, त्यामागे हे दोन निकाल होते.

राहिला स्थैर्याचा मुद्दा. भारतात 1989 ते 2009 या सात लोकसभा निवडणुकांत एकाही पक्षाला स्वबळावर बहुमत मिळाले नाही. कॅनडात 2019 आणि 2021 मध्ये अल्पमताची सरकारे आली, आणि तीही मतांत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या पक्षाची. दोनच पक्ष असतील तर ही पद्धत बहुमत देते. प्रादेशिक पक्ष मजबूत असतील तर आघाडी टळत नाही, फक्त ती निवडणुकीआधी जागावाटपाच्या टेबलावर करावी लागते. जागावाटप फिसकटले की मतविभागणी, आणि मग मत खाणाऱ्या उमेदवाराला मुद्दाम उभे करण्याचा धंदा. 2014 साली भाजपला 31 टक्के मतांवर 543 पैकी 282 जागा मिळाल्या त्यात विरोधी मतांच्या फाटाफुटीचा मोठा वाटा होता. बसपला त्याच निवडणुकीत चार टक्क्यांहून जास्त मते पडली आणि जागा शून्य.

मतदारसंघाच्या सीमा कोण आखतो, हाही या पद्धतीचाच भाग धरायला हवा. इतर पद्धतींत सीमारेषा इकडची तिकडे झाली तर थोडा फरक पडतो, इथे सरकार बदलते.

दोन फेऱ्यांची फ्रेंच पद्धत किंवा पसंतिक्रमाची ऑस्ट्रेलियन पद्धत हा वेगळा पर्याय म्हणून खपवला जातो. तसा तो नाही. निवडून येणाऱ्याच्या मागे निम्म्याहून जास्त मतदार असतील अशी बरीचशी खात्री ती देते, पुरी नाही. जागांचे प्रमाण सुधारेल याची देत नाही.

यादीची प्रमाणशीर पद्धत: सगळे काही मतदारसंघाच्या आकारावर

इथला कळीचा आकडा म्हणजे एका मतदारसंघातून निवडून जाणाऱ्यांची संख्या. अभ्यासकांचा एक ठोकताळा आहे: 75 ला ‘जागा अधिक एक’ने भागा, साधारण तेवढ्या टक्क्यांखाली पक्षाला जागा मिळणे कठीण. चार जागांचा मतदारसंघ असेल तर हा अदृश्य उंबरठा 15 टक्के. नऊ जागांचा असेल तर साडेसात. कायद्यात तीनच टक्के लिहिलेले असले तरी छोट्या मतदारसंघात त्या ओळीला अर्थ राहत नाही. स्पेनमध्ये 350 जागा 52 मतदारसंघांत वाटल्या आहेत आणि तीन टक्क्यांची अट प्रत्यक्षात माद्रिद आणि बार्सिलोना इथेच लागू पडू शकते. बाकी ठिकाणी मतदारसंघ इतके लहान आहेत, की तीन टक्केवाला तसाही बाद.

दुसऱ्या टोकाला नेदरलँड्स. 150 जागा, अख्खा देश मिळून एकच हिशेब, आणि उंबरठा एका जागेइतका, म्हणजे 0.67 टक्के. 2021 मध्ये 17 पक्ष निवडून आले आणि मंत्रिमंडळाचा शपथविधी व्हायला 299 दिवस लागले. बेल्जियमने 2010-11 मध्ये 541 दिवस लावले होते. या काळात जुने सरकार काळजीवाहू म्हणून कारभार चालवते, पगार होतात, दिवे लागतात; मोठे निर्णय मात्र अडकून पडतात. ज्या देशात काळजीवाहू सरकारच्या मर्यादा कायद्यात स्पष्ट नाहीत, त्याने इतका कमी उंबरठा ठेवू नये.

उंबरठा वाढवला की प्रश्न सुटतो, असेही नाही. तुर्कस्तानच्या 2002 च्या निकालात दहा टक्क्यांच्या अटीमुळे दोनच पक्ष आत आले आणि जवळपास 45 टक्के मते वाया गेली. आता तिथे अट सात टक्क्यांची आहे. इस्रायलमध्ये अट 3.25 टक्के; 2022 साली मेरेत्झ आणि बलाद हे पक्ष 3.16 आणि 2.9 टक्क्यांवर अडकले. जर्मनीत 2025 मध्ये बीएसडब्ल्यू पक्ष 4.98 टक्क्यांवर थांबला. एका दशांश स्थळापर्यंत लिहिले तर हा आकडा 5.0 दिसतो, आणि तरीही पक्ष बाहेर. म्हणून नियमात तीन गोष्टी शब्दांत लिहाव्या लागतात: टक्केवारी वैध मतांवर काढायची की पडलेल्या सगळ्या मतांवर, पूर्णांकात आणायची की नाही, आणि उंबरठ्याखाली राहिलेल्यांची मते बाजूला काढूनच भागाकार सुरू करायचा. घोळ होतो तो तिसऱ्या ठिकाणी. बाद पक्षांची मते एकूण मतांत तशीच ठेवून कोटा, म्हणजे एका जागेसाठी लागणारी मते, काढला, तर तो फुगतो आणि जागा शिल्लक राहतात.

पाच टक्के हा बऱ्यापैकी मधला रस्ता वाटतो. तीन ते चार टक्के असेल तर आणखी बरे.

यादी बंद असावी की खुली, यावर भांडणे फार होतात. बंद यादीत क्रम पक्ष ठरवतो, त्यामुळे निष्ठावंतांची सोय होते, पण महिला आणि अल्पसंख्याकांना निवडून आणायचे असेल तर हेच हत्यार चालते. नेपाळमध्ये 2022 साली थेट लढतीच्या 165 जागांतून 9 महिला निवडून आल्या. प्रतिनिधी सभेतले एक तृतीयांशचे प्रमाण यादीतून भरून काढावे लागले. खुल्या यादीत मतदार उमेदवार निवडतो, आणि मग लढाई पक्षा-पक्षांत न राहता पक्षातल्या पक्षात होते. श्रीलंकेत मतदाराला पक्षाच्या मतासोबत तीन उमेदवारांना पसंती देता येते. परिणामी एकाच पक्षाचे उमेदवार जिल्हाभर एकमेकांविरुद्ध प्रचार करतात, आणि जिल्हाभर प्रचार म्हणजे पैशाचा खेळ. दोन्हींत कमी वाईट निवडायचे तर ‘यादी पक्षाची, पण ठराविक टक्के वैयक्तिक मते मिळवणारा वर सरकेल’ ही मधली सोय करावी.

एकल संक्रमणीय मत: माल उत्तम, मोजणी किचकट

भारतात राज्यसभेमुळे ही पद्धत ऐकून माहीत असते. आयर्लंड आणि माल्टा इथे सामान्य मतदार ती वापरतात. मतदार 1, 2, 3 असे पसंतिक्रम लिहितो. कोटा काढायचा तो असा: वैध मते भागिले ‘जागा अधिक एक’, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. 60,000 मते, 5 जागा, तर कोटा 10,001. कोट्यापेक्षा जास्त मिळालेली मते पुढच्या पसंतीकडे जातात, तळाचा उमेदवार बाद होतो, त्याचीही मते पुढे जातात, आणि जागा भरेपर्यंत हेच चालते. राज्यसभेच्या मोजणीत अपूर्णांकांचा त्रास नको म्हणून प्रत्येक मताची किंमत 100 धरतात. 288 मते आणि 6 जागा असतील तर 28,800 भागिले 7, अधिक एक, म्हणजे कोटा 4,115. व्यवहारात पहिल्या पसंतीची 42 मते लागतात आणि उरलेले 85 मूल्य पुढे सरकते. निवडणुकीच्या आदल्या रात्री आमदारांची मोजदाद चालते ती याच आकड्याभोवती.

मतपत्रिका बाद होण्याचे प्रमाण हा इथला खरा धोका. एक हा आकडा दोनदा लिहिला, आकड्याऐवजी फुली मारली, भलते पेन वापरले, की मत गेले. 2016 मध्ये हरियाणातल्या राज्यसभा निवडणुकीत चुकीच्या पेनाने लिहिलेली मते बाद ठरली आणि निकाल फिरला. त्यानंतर निवडणूक आयोगाने स्वतःच जांभळे स्केचपेन पुरवायला सुरुवात केली. हे झाले आमदारांचे.

मतदारसंघ फार मोठा केला तर मतपत्रिका हाताळता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये 1999 साली वरिष्ठ सभागृहासाठी 264 उमेदवार होते आणि लोकांनी त्या मतपत्रिकेला टेबलक्लॉथ म्हटले. पसंतिक्रम पक्षाच्या स्वाधीन करायची सोय दिली, तर मागच्या दाराने सौदे होतात: 2013 मध्ये व्हिक्टोरियातून पहिल्या पसंतीच्या अवघ्या 0.51 टक्के मतांवर एक सिनेटर निवडून आला. 2016 मध्ये ती सोय काढून टाकली. आयर्लंडने एका मतदारसंघात तीन ते पाचच जागा ठेवल्या आहेत, आणि तेच शहाणपणाचे. पाच ते नऊ जणांची समिती निवडणाऱ्या कुठल्याही संस्थेला ही पद्धत आम्ही डोळे मिटून सुचवू. पक्ष, याद्या काही लागत नाही.

बहुमताची हमी मात्र हीही देत नाही. माल्टात 1981 मध्ये 51 टक्के मते मिळवणारा पक्ष 31 जागांवर राहिला आणि दुसऱ्याने 34 जागा घेतल्या.

मिश्र पद्धत: एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू

सर्वात जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडे सावकाश.

100 जागांचे सभागृह घ्या. 50 जागा मतदारसंघांतून, 50 यादीतून. एका पक्षाला 40 टक्के यादी-मते मिळाली आणि त्याने 35 मतदारसंघ जिंकले. जोडलेली पद्धत असेल तर त्याचा एकूण हक्क 40 जागांचा. 35 मिळाल्याच आहेत, यादीतून 5 मिळतील. सुटी, म्हणजे समांतर पद्धत असेल तर यादीच्या 50 पैकी 40 टक्के, म्हणजे 20 जागा वेगळ्या मिळतील आणि एकूण 55 होतील. दोन्हीकडे मतदाराच्या हातात दोन मते आणि मतपत्रिकाही तशीच. एकीकडे तो पक्ष अल्पमतात, दुसरीकडे सत्तेत.

नेपाळची पद्धत समांतर: 165 थेट, 110 यादीतून, तीन टक्क्यांचा उंबरठा. 2017 मध्ये एमाले या कम्युनिस्ट पक्षाला यादीची 33.25 टक्के मते, नेपाळी काँग्रेसला 32.78 टक्के. यादीतून जागा मिळाल्या 41 आणि 40, अगदी न्याय्य. थेट जागा मात्र 80 आणि 23, कारण एमालेने माओवाद्यांशी जागावाटप केले होते. एकूण 121 विरुद्ध 63. जवळपास सारखी मते, निम्म्या जागा. जपानमध्येही 1996 पासून हाच प्रकार आहे. सध्या 289 थेट आणि 11 विभागांतून 176 यादीच्या. तिथे मतदारसंघात हरलेला उमेदवार यादीतून आत येऊ शकतो, आणि मतदारांना ते फारसे पटत नाही. समांतर पद्धत म्हणजे सर्वाधिक मतांचीच पद्धत, वर थोडा प्रमाणशीरपणाचा रंग. ‘मिश्र’ म्हणून घेऊ नये.

हंगेरीने त्याहून पुढचे पाऊल टाकले. तिथे हरलेल्यांची मते यादीत धरली जातात, आणि जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्त असलेली मतेही धरली जातात. 2014 साली 45 टक्के यादी-मतांवर फिडेस पक्षाला 199 पैकी 133, म्हणजे दोन तृतीयांश जागा मिळाल्या.

जोडलेल्या पद्धतीचे दोन जुने नमुने म्हणजे जर्मनी आणि न्यूझीलंड. न्यूझीलंडने 1993 च्या सार्वमतात ती घेतली, 1996 मध्ये पहिल्यांदा वापरली आणि 2011 च्या सार्वमतात कायम ठेवली. सभागृह साधारण 120 जणांचे, सूत्र सेंट-लाग्यू. मतपत्रिकेवर पक्षाचे मत डावीकडे, उमेदवाराचे उजवीकडे, आणि दोन्ही मतांना सरळ नावे दिली आहेत. जर्मनीत त्यांना ‘पहिले मत’ आणि ‘दुसरे मत’ म्हणतात, आणि जागांची बेरीज ठरते ती दुसऱ्यावर. नावावरून ते दुय्यम वाटते. मतपत्रिका छापणाऱ्याने न्यूझीलंडची नक्कल करावी.

दोन दोष मुळातले आहेत. पहिला म्हणजे अधिकच्या जागा. पक्षाने हक्कापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले तर काय करायचे? न्यूझीलंड त्या जागा वाढवून देते. 2023 मध्ये माओरी पक्षाने चारच्या हक्कावर सहा मतदारसंघ जिंकले आणि सभागृह तेवढे फुगले. जर्मनीने इतर पक्षांनाही भरपाई द्यायला सुरुवात केली आणि 598 चे सभागृह 2021 मध्ये 736 वर गेले. त्याआधी 2005 मध्ये ड्रेस्डेनमधला एक मतदारसंघ उमेदवाराच्या मृत्यूमुळे उशिरा मतदान करत होता, आणि हिशेब असा होता की तिथे सीडीयू या पक्षाला दुसरी मते जास्त पडली तर पक्षाची एक जागा कमी होणार. मत दिल्याने नुकसान व्हावे हे घटनेला धरून नाही, असे घटनात्मक न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले. 2023 च्या कायद्याने सभागृह 630 वर गोठवले. किंमत अशी, की 2025 मध्ये 23 मतदारसंघांतले विजेते सभागृहात जाऊ शकले नाहीत. फुगवटा, अप्रमाण, किंवा घरी बसलेला विजेता, यातले एक पत्करावेच लागते. आम्ही फुगवटा पत्करू, पण यादीच्या जागा निम्म्या ठेवून. जितक्या यादीच्या जागा कमी, तितका फुगवटा जास्त.

दुसरा दोष लबाडीचा. पक्ष मतदारसंघात एका नावाने लढतो आणि यादीसाठी जुळ्या पक्षाला मत द्यायला सांगतो. मूळ पक्षाची यादी-मते शून्य, त्यामुळे त्याच्या 35 जागा हिशेबातून सुटतात. उरलेल्या 65 जागांचे 40 टक्के, म्हणजे 26 जागा जुळ्याला. एकूण 61, हक्क 40 चा. लेसोथोमध्ये 2007 साली हे झाले. दक्षिण कोरियात 2020 साली 47 यादीच्या जागांपैकी 30 जोडल्याबरोबर दोन्ही मोठ्या पक्षांनी उपपक्ष काढले. इटलीत 2001 मध्ये या युक्तीने जागा इतक्या मिळाल्या की फोर्झा इतालियाच्या यादीत उमेदवारच पुरले नाहीत आणि काही जागा रिकाम्या राहिल्या. उपाय एकच ठामपणे चालतो: एकच मत ठेवायचे, तेच उमेदवाराला आणि तेच पक्षाला धरायचे. मतदाराचे थोडे स्वातंत्र्य जाते, पळवाट बंद होते.

‘एक मतदारसंघ जिंकला तर उंबरठा माफ’ ही सवलतही तपासून घ्यावी. न्यूझीलंडमध्ये 2008 साली एप्सम हा मतदारसंघ जिंकल्यामुळे 3.65 टक्केवाल्या अ‍ॅक्ट पक्षाला पाच जागा मिळाल्या, आणि 4.07 टक्के मिळवणारा न्यूझीलंड फर्स्ट बाहेर राहिला.

आमचे गुण, आणि बसवल्यानंतरची देखभाल

पाचपैकी गुण: सर्वाधिक मतांची पद्धत दोन, पाच ते नऊ जागांच्या मतदारसंघांची यादी पद्धत चार, अख्ख्या देशाची एकच यादी तीन, एकल संक्रमणीय मत चार (मोजणीचे कर्मचारी प्रशिक्षित असतील तरच), जोडलेली मिश्र पद्धत साडेतीन (एकच मत ठेवले तर चार), समांतर दीड.

मसुदा लिहिताना रिकाम्या जागेचे कलम सगळ्यात शेवटी आठवते आणि त्यावरूनच पहिला खटला होतो. यादी पद्धतीत जागा रिकामी झाली की यादीतला पुढचा माणूस येतो. तो दरम्यान पक्ष सोडून गेला असेल तर काय, हे लिहून ठेवा. एकल संक्रमणीय मतात साधी पोटनिवडणूक घेतली, तर अल्पसंख्य गटाची जागा आपोआप बहुसंख्याकडे जाते. तास्मानियात त्यासाठी गेलेल्या सदस्याला निवडून देणाऱ्या मतपत्रिका पुन्हा काढून पुढच्या पसंतीनुसार मोजतात. म्हणजे मतपत्रिका सभागृहाची मुदत संपेपर्यंत सीलबंद जपून ठेवाव्या लागतात, आणि त्या कोठारासाठीची जागा व पहारा यांची तरतूद निवडणुकीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून करावी लागते.